डोळा काढल्यानंतरचे उपचार

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उत्तरेकडील तालुक्यांचा कायापालट झाला. या उसाला कोयता लावणारे कित्येक हात मात्र पाथर्डी, जामखेड यांसारख्या दुष्काळी तालुक्यांतले आहेत. तोडणी करताना उसाचे धारदार पाते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला लागले, की जखमेत बुरशी शिरण्याचा धोका असतो. उपचारास विलंब झाला, तर प्रसंगी डोळा काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

डोळा काढला म्हणजे उपचार संपले, ही समजूत मात्र चुकीची आहे. रिकामी झालेली खोबणी शक्य तेथे गोलाकार रोपण बसवून भरून काढावी लागते. सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी सूज उतरल्यावर खोबणीचे माप घेऊन ॲक्रिलिकचा कृत्रिम डोळा बसवितात. तो दृष्टी देत नाही, हे खरे; परंतु त्याअभावी खोबणी आक्रसत जाते आणि लहान मुलांत तर चेहऱ्याच्या हाडांची वाढही खुंटू शकते. पुढे त्याची नियमित तपासणी व उरलेल्या डोळ्यासाठी न फुटणारा चष्मा हवा. यांतील प्रत्येक फेरीला मजुराची मजुरी बुडते. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र फिटायची थांबलेली असते.

मग हा भार कोणी उचलावा? दुसरा डोळा निकोप असताना एक डोळा गमावणे म्हणजे कमाईच्या क्षमतेत ४० टक्के घट, असे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने धरले होते. दिव्यांग हक्क कायद्याखालील २०१८ च्या निकषांनी त्याच माणसाचे अपंगत्व ३० टक्के ठरविले. केंद्र सरकारच्या साहाय्यक साधनांच्या योजनेसाठी मात्र ४० टक्क्यांचा दाखला लागतो. पहिला आकडा कमाईचा व दुसरा दृष्टीचा, हा भेद मान्य केला तरी परिणाम एकच: एक डोळा गमावलेला मजूर मदतीच्या उंबरठ्याबाहेर राहतो.

कृत्रिम डोळ्याची गरज टक्केवारीवरून ठरत नाही. शस्त्रक्रियेचा कागद हाच तिचा पुरेसा पुरावा मानला पाहिजे. तसेच रुग्णाला घरी पाठवतानाच माप घेण्याची तारीख त्याच्या हाती पडली पाहिजे. ज्यांच्या श्रमावर जिल्ह्याची समृद्धी उभी राहिली, त्यांच्यासाठी एवढी तजवीज करणे हे शासनाचे आणि कारखान्यांचे साधे कर्तव्यच होय.