कुपीतले बारदान

माथेरानला मोटारीची वाट दस्तुरी नाक्यापाशी संपते. पुढे साखरेच्या गोणीपासून औषधाच्या खोक्यापर्यंत सारे काही मिनी ट्रेनने, घोड्यावर, हातगाडीवर अथवा हमालाच्या डोक्यावर जाते. सुमारे 800 मीटर उंचीच्या या डोंगरावर बर्फात ठेवूनच न्यावे लागणारे औषध शाबूत पोहोचविणे कठीण. पावसाळ्यात तर अधिकच. म्हणून सर्पदंशावरचे प्रतिविष भुकटीच्या रूपात मिळते, ही सोय अशा गावांसाठी फार मोलाची आहे. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात या औषधाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. द्रवरूप प्रतिविष 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. गोठवून सुकविलेले मात्र थंड व कोरड्या जागी, शीतपेटीवाचूनही, साधारणपणे पाच वर्षे टिकते. (ते घोड्याच्या रक्तापासून तयार होते, ही गोष्ट जैन मनाला सलल्यावाचून राहत नाही. माथेरानच्या पाहुण्यांना पाठीवर वाहणारा आणि सर्पदंशाच्या रुग्णाला वाचविणारा प्राणी एकच, हा योगायोगही विलक्षण.)

हे सुकविणे उन्हात पापड वाळविण्यासारखे नव्हे. द्रावण प्रथम गोठवितात, मग निर्वात पेटीत ठेवतात. तेथे बर्फ वितळत नाही. त्याची थेट वाफ होते. नाजूक रेणूला उष्णतेचा ताप होत नाही आणि कुपीच्या तळाशी हलकी, सच्छिद्र वडी उरते. तिच्यात पाण्याचा अंश जेमतेम एक-दोन टक्के असतो. जेथे पाणी नाही तेथे बिघाडाची गती मंदावते, एवढेच या युक्तीचे मर्म.

याच रीतीने सुकविलेली दुसरी एक कुपी आता औषधांच्या व रसायनांच्या पेढ्यांवर दिसू लागली आहे. तिच्यात पेप्टाइड असते, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ब्रूस मेरिफिल्ड यांनी 1963 साली अशी साखळी घन कणांवर एकेक कडी जोडून बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 1984 मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळांना अशी पेप्टाइडे सतत लागतात आणि त्यांचा व्यापार करण्यात गैर काही नाही. मात्र या मालाला एक छुपे बारदान असते, ते व्यापाऱ्याने ओळखले पाहिजे.

चिठ्ठीवर 5 मिलिग्रॅम लिहिलेले असते, शेजारी शुद्धता 98 टक्के. खरेदीदार समजतो, जवळजवळ सगळे पेप्टाइडच. वस्तुतः शुद्धतेचा आकडा एवढेच सांगतो की कुपीत जे पेप्टाइड आहे त्यात भलत्या साखळ्या किती थोड्या आहेत. भुकटीत मुरलेले पाणी आणि शुद्धीकरणाच्या वेळी चिकटलेले आम्लाचे क्षार त्यात धरलेले नसतात. त्यामुळे निव्वळ पेप्टाइड पुष्कळदा एकूण वजनाच्या 70 ते 90 टक्केच भरते. ते 80 टक्के असेल, तर 5 मिलिग्रॅममध्ये खरा माल 4 मिलिग्रॅम. संशोधकाने ती वडी 2 मिलिलिटर पाण्यात विरघळविली, तर तो दर मिलिलिटरला 2.5 मिलिग्रॅम धरून चालतो आणि हाती असतात 2. गोणीचे बारदान वजा केल्याशिवाय जो धान्याचा भाव करीत नाही, त्याला या पाचव्या हिश्श्याचे महत्त्व सांगावे लागू नये.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आहे. मापात कमी-जास्त करणे हा दोष तराजूच्या काळी जितका खरा, तितकाच मिलिग्रॅमच्या काळीही. निव्वळ अंशाचा दाखला उत्पादकाकडून मागून घेणे आणि तो गिऱ्हाइकाच्या हाती देणे, एवढ्याने हा प्रश्न बहुतांशी सुटतो.

साठवणीचे ज्ञान जैन घरात जन्मजात असावे. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हा दिगंबर परंपरेतील नियम आर्द्रतेचाच हिशेब आहे. माथेरानच्या श्रावणात उघडा ठेवलेला खाकरा काही वेळात मऊ पडतो. पेप्टाइडची भुकटी ओल ओढण्यात त्याच्या पुढे आहे. दीर्घकाळासाठी ती शून्याखाली 20 अंशांवर, अंधारात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवतात. थंड कुपी बाहेर काढताच उघडली, तर हवेतले दव आत जमते. म्हणून खोलीच्या तपमानाला आल्यावरच झाकण काढावे. पाणी काचेच्या भिंतीवरून सावकाश सोडावे, कुपी हलकेच फिरवावी, घुसळून फेस आणू नये. पाणी लागले की मर्यादा सुरू झाली. भुकटी महिनोन्महिने टिकते, द्रावणाचे आयुष्य त्यामानाने अल्प. ते लहान लहान भाग करून गोठवितात, कारण वारंवार वितळवून गोठविल्याने साखळी बिघडते. आपोआप बर्फ वितळविणारी घरगुती शीतपेटी म्हणूनच या कामाची नव्हे.

राहिला प्रश्न अधिक गंभीर. व्यायामशाळेत जाणारी व वजन घटवू पाहणारी तरुण मुले ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी असलेल्या कुप्या शरीरात टोचून घेतात आणि विकणारा त्या चिठ्ठीआड उभा राहतो. शुद्धतेच्या दाखल्यात कुपी निर्जंतुक आहे असे म्हटलेले नसते. जंतूंच्या कवचातून येणारी ज्वरकारक विषे तपासली आहेत असेही नसते. प्रतिविषाच्या कुपीमागे या तपासण्या, परवाना आणि घाऊक क्रमांक उभे असतात. दोन्ही कुप्यांतली पांढरी वडी मात्र डोळ्यांना सारखीच दिसते. एक वस्तू दुसरीच्या रूपाने खपविण्याला शास्त्रकारांनी प्रतिरूपकव्यवहार म्हटले आणि त्याच पाच अतिचारांत बसविले. गिऱ्हाईक माल कशासाठी नेत आहे हे ठाऊक असूनही चिठ्ठीकडे बोट दाखविणे त्याहून फार वेगळे नाही. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे: माणसासाठी औषध म्हणून विकायचे असेल, तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखालील परवाना लागतो, चिठ्ठीवरच्या दोन शब्दांनी तो मिळत नाही.