ज्ञानाचे दार दोन्ही बाजूंनी उघडे हवे



आमच्या मिल्टन कीन्स शहरात 1969 साली स्थापन झालेले मुक्त विद्यापीठ आहे. पूर्वीची पदवी न विचारता शिक्षणाचे दार उघडणारी ही संस्था आंबेडकरी कुटुंबांना आपलीशी वाटावी, यात नवल नाही. याच विद्यापीठातून 2011 पासून 'कोअर' ही सेवा चालते. जगभरच्या विद्यापीठांनी खुले केलेले शोधनिबंध ती एकत्र आणते व कोणासही विनामूल्य वाचू देते. वैद्यकीय व्यवसायात आयुष्य गेलेल्या आम्हांस या कार्याचे मोल विशेष वाटते. कारण शल्यचिकित्सकाला संशोधन वाचता आले नाही, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांचे उदाहरण घ्या. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत स्नायूंवर ताण न देता कृत्रिम जाळी बसविली, तर तो पुन्हा उद्भवण्याचा संभव घटतो. परंतु बाजारातील जाळी खेड्यातील शेतमजुराला कशी परवडावी? टोणगावकरांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि इतर शल्यचिकित्सकांसह घेतलेला अनुभव 2003 साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये मांडला. पुढे युगांडात 302 रुग्णांवर अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. वर्षभरानंतर दोहोंच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही, हे 2016 साली एका विख्यात अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खानदेशातील गावाने जगाला काही शिकविले, ते लिहिले गेले म्हणून आणि इतरांना वाचता आले म्हणून.

वाचकाचे दार आता बरेच उघडले आहे. ब्रिटनमध्ये सरकारी अनुदानातून झालेले संशोधन प्रसिद्ध होताच खुले करावे, असा नियम 2022 पासून लागू आहे. भारत सरकारने 2024 साली 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये आणि सुमारे 13,000 नियतकालिके. मात्र ही सोय सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांसाठी आहे. तालुक्याच्या गावी स्वतःचे छोटे रुग्णालय चालविणारा शल्यचिकित्सक तिच्या बाहेरच राहतो.

त्याहून चिंतेची गोष्ट दुसरीच आहे. अनेक नियतकालिकांनी वाचकाची वर्गणी काढून तो भार लेखकावर टाकला. एका निबंधामागे दोन-तीन हजार पौंड मागणे आता सर्रास झाले आहे. म्हणजे दोंडाईचाच्या डॉक्टराने लंडनचे संशोधन फुकट वाचावे. स्वतःचे मात्र छापू नये! ही मुक्तता अर्धीच. ज्याला केवळ ऐकण्याची मुभा आहे आणि बोलण्याची नाही, त्याची अवस्था आपल्या समाजाला सांगावयास नको.

खुद्द बाबासाहेबांनाही छपाईची अट चुकली नाही. कोलंबिया विद्यापीठाला सादर केलेला त्यांचा प्रबंध मान्य झाला होता. परंतु छापील प्रती दिल्याखेरीज पदवी मिळत नसे. ग्रंथ 1925 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी 1927 साली मिळाली. विद्वत्ता सिद्ध होऊनही इतकी वर्षे गेली.

प्रकाशनाला खर्च येतो, तो कोणी करावयाचा, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. आमचे उत्तर असे की, तो संस्थांनी व सरकारांनी सामुदायिक रीतीने उचलावा. लेखकाच्या खिशाला हात घालू नये. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके याच व्यवस्थेत फोफावली. उलट मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संलग्न सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून 1955 पासून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'ने या शतकाच्या आरंभी लेखक व वाचक या दोघांकडूनही पैसे न घेता निबंध खुले करून दाखविले.

आपली मुले आज ब्रिटनच्या रुग्णालयांत व विद्यापीठांत संशोधन करीत आहेत. त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : निबंध स्वीकारला गेला की, नियमांत बसणारी प्रत आपल्या विद्यापीठाच्या खुल्या भांडारात ठेवा. त्याला शुल्क लागत नाही. आणि परीक्षक म्हणून बसाल, तेव्हा दोंडाईचासारख्या गावाहून आलेला निबंध पत्त्यावरून नव्हे, पुराव्यावरून पारखा. समाजाच्या ऋणातून मुक्त होण्याचा हाही एक मार्ग आहे.