रिपोर्ट नॉर्मल आला, तरी माणूस आजारी असू शकतो



आपल्याकडे, कोडोलीत आणि वारणाकाठी, नैराश्य दवाखान्यात येतं ते बहुधा दुसऱ्याच नावानं. डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, अंगात त्राण नाही, जेवण जात नाही. रक्त तपासतात, ईसीजी काढतात, सगळं बरोबर येतं. मग घरचे म्हणतात, "काही झालेलं नाही त्याला, आळस भरलाय." हे बोलणं जिवावर बेतू शकतं.

रिपोर्ट चांगला आला तरी माणसाकडं पुन्हा बघा. पहाटे तीनला जाग येते आणि परत डोळा लागत नाही? रोज डेअरीला दूध घालणारा गडी चार माणसांत जायचं टाळतो? उसाला पाणी पाजायची पाळी आली तरी अंथरूण सोडत नाही? घरची बाई बारक्या गोष्टीला रडते, किंवा आता रडतही नाही? पुरुषांत हे पुष्कळदा चिडचिडीतून नाहीतर वाढलेल्या दारूतून दिसतं. असं जवळजवळ रोज, दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवाच. थायरॉईडनं किंवा रक्त कमी झाल्यानंही असा त्रास होतो. तेही डॉक्टरच तपासतील. आणि बाळंतिणीलाही हे होऊ शकतं; तिला "बाळ झालंय, आता कसलं दुःख?" असं म्हणून गप्प करू नका.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात साधारण विसातल्या एका प्रौढाला कधी ना कधी नैराश्य येतं, आणि बहुतेकांना उपचारच मिळत नाहीत. जोतिबाला जा, नवस बोला, श्रद्धेच्या आड कुणी येत नाही. पण अंगाऱ्यावर महिने घालवू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून धीर सोडू नका, आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं त्या बंद करू नका.

"जगून काय करू?" असं कुणी म्हणालं तर थट्टेवारी नेऊ नका. मरावंसं वाटतंय का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका. तणनाशक, कीटकनाशक कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केलाच तर रुग्णवाहिकेसाठी तात्काळ १०८ला फोन करा. पोलिसांच्या भीतीनं दडवू नका: २०१७चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला प्रचंड तणावाखालचा मानतो आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक करतो.

१४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोबाईलमध्ये आत्ताच घालून ठेवा. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. कोडोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात गेलात तर "मनाच्या त्रासासाठी दाखवायचंय" असं स्पष्ट सांगा. पहिल्या खेपेला घरातल्या कुणीतरी सोबत जावं. खचलेला माणूस केसपेपरच्या रांगेतूनच परत फिरतो.