पोरांनी पाहिले, थोरांनी पाठवले

दिवाळी अंकात, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायच्या पानांवर, खुनाचा विषय कशाला, असे वाचक विचारतील. विचारोत बापडे! पण मार्च २०२५ मध्ये हाच विषय आपण आपल्या हाताने पोरांच्या हातावर ठेवला, तेव्हा कुणी असे विचारले होते काय?

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून अमानुष हत्या झाली. आरोपपत्रातली छळाची छायाचित्रे मार्चच्या आरंभी बाहेर आली आणि मोबाइलवरून रातोरात घरोघर पोचली. भूम तालुक्यातल्या ईटला बीड जिल्हा शेजारचाच. इथल्या कॉलेजच्या पोराला त्या चित्रांतला माणूस परका कसा वाटावा? तीच बोली, तसलेच शिवार. तो आपल्या चुलत्यासारखाच दिसणार! आणि ही चित्रे पाठवली कुणी? गावगुंडांनी नव्हे, काकांनी, मामांनी, खाली हात जोडून श्रद्धांजली वाहत!

यावर कुणी म्हणेल, "चित्रे बाहेर आली, म्हणून तर ४ मार्चला मंत्र्याचा राजीनामा आला." मान्य आहे. अन्याय कळलाच पाहिजे, संतापही आलाच पाहिजे. पण कळण्यासाठी शब्द पुरेसे होते. पुरावा न्यायालयाच्या मेजावर शोभतो. अठरा वर्षांच्या मुलाच्या उशाशी नव्हे.

दुसरे कुणी म्हणेल, "नुसत्या चित्राने काय होते?" २०१३ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात मॅरेथॉन शर्यतीत बाँबस्फोट झाले. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्या बातम्या पाहणाऱ्यांत, प्रत्यक्ष जागेवर असलेल्यांपेक्षाही तीव्र ताणाची लक्षणे अधिक आढळली. पडद्यावरचे रक्तही मनाला लागते, ते असे!

तिसऱ्या शहाण्याचे तर बोलणेच नको. तो म्हणतो, "पाहू द्या, पोरे घट्ट होतील." अहो, घट्टे हाताला पडावेत, काळजाला नव्हे! झोप उडालेले, पुस्तकात मन न लागणारे पोर निदान दुखते आहे, हे तरी कळते. पण असले चित्र पाहून जे हसते, त्याची चिंता अधिक करा. ते शूर झालेले नाही. ते बधिर झाले आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा. आपल्या मुलाच्या कॉलेजात तो आहे का, एवढे प्राचार्यांना विचारायला कोणता मुहूर्त हवा? तोवर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलायला तयार आहे.

पण पहिला समुपदेशक घरातच असतो. या दिवाळीत अंगणात सुतळी बाँब फुटेल आणि एखादे मिसरूड फुटलेले पोर दचकून आत जाईल. त्याला भित्रा म्हणून हसू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "बाळा, ते तू पाहिलंस का रे?" आणि मग, तो बोलेपर्यंत, गप्प बसा.