संयुक्त मालकाचे नाव शेअर सर्टिफिकेटवर लावण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. उपनिबंधक, सहकारी संस्था यांस

विषय : लग्न न करता एकत्र घर घेतलेल्या दोघांपैकी दुसऱ्याचे नाव सोसायट्या नोंदवत नसल्याबाबत.
संदर्भ : आमचे यापूर्वीचे चार अर्ज आणि जूनमधील सुनावणीत आपण दिलेले आश्वासन.

महोदय,

हे आमचे पाचवे निवेदन. नियम आपणांस ठाऊक आहेत, ते पुन्हा उतरवून काढत नाही. सहकारी संस्था कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर सहयोगी सदस्य आणि संयुक्त सदस्य यांत गल्लत व्हायचे कारण उरलेले नाही. नात्यांची यादी आहे ती सहयोगी सदस्यासाठी. संयुक्त सदस्याला नाते लागत नाही, घरात हिस्सा लागतो. तरीही आमच्या प्रत्येक अर्जावर सोसायटीचा शेरा एकच : 'विवाह नोंदणी दाखला जोडावा.'

खरेदीखत नोंदवताना दोघांचे फोटो निघाले, दोघांचे अंगठे घेतले, मुद्रांक शुल्क पूर्ण भरून घेतले. इंडेक्स टूवर दोन नावे आहेत. बँकेने दोघांचे पगार पाहून कर्ज दिले. तिथे कोणी लग्नाचा दाखला मागितला नाही. तो फक्त सोसायटीच्या कार्यालयात लागतो.

आमच्यातील एका भगिनीची हकिकत मागच्या अर्जांत आहे, पुन्हा लिहितो. अकरा वर्षे कर्जाचा निम्मा हप्ता तिच्या खात्यातून गेला. शेअर सर्टिफिकेटवर नाव मात्र जोडीदाराचे एकट्याचे, कारण तिचा अर्ज 'पुढच्या बैठकीत ठेवू' म्हणून पडून राहिला. गेल्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. तेराव्याच्या आत त्याच्या भावाचा हस्तांतरणाचा अर्ज आला, आणि जी समिती तिच्या अर्जाला वर्षानुवर्षे वेळ देऊ शकली नाही, तिने तो अर्ज पहिल्याच बैठकीत घेतला. जोडीदाराचा हिस्सा त्याच्या वारसांचा आहे, हे ती मान्य करते, मृत्युपत्र नव्हते. प्रश्न तिच्या स्वतःच्या अर्ध्या घराचा आहे. सोसायटीच्या दप्तरी ती तिथे 'राहणारी बाई' आहे. मालक हयात नाही म्हणून मेंटेनन्सच्या बिलात नॉन-ऑक्युपन्सी शुल्क लावले आहे. स्वतःच्या घरात राहण्याबद्दल तिच्याकडून भाडेकरू ठेवल्याचा आकार घेतला जातो, आणि ती तो दरमहा भरते, कारण थकबाकीदार ठरवून बाहेर काढतील ही भीती आहे.

जूनच्या सुनावणीत आपण तिच्यासमोर 'पंधरा दिवसांत सोसायटीला लेखी निर्देश देतो' असे म्हणालात. ऑगस्टमध्ये विचारले तेव्हा फाईल 'अभिप्रायासाठी' गेली होती. दिवाळीनंतर गेलो तर संबंधित लिपिकाची बदली झाली होती. अभिप्राय कोणाचा हवा आहे, हे आजवर कळलेले नाही. तोपर्यंत भावाच्या नावे हस्तांतरण पूर्ण झाले, तर तिला दिवाणी दावा लावावा लागेल आणि तो किती वर्षे चालेल हे आपणही जाणता.

आमच्या मागण्या :

१. वरील प्रकरणी नोंदणीकृत खरेदीखताच्या आधारे तिचे नाव सात दिवसांत लावण्याचा लेखी आदेश द्यावा. तोवर संपूर्ण सदनिकेचे हस्तांतरण थांबवावे. घेतलेले नॉन-ऑक्युपन्सी शुल्क परत करायला लावावे.

२. संयुक्त सदस्यत्वासाठी विवाहाचा दाखला मागू नये, असे परिपत्रक आपल्या कक्षेतील सर्व गृहनिर्माण संस्थांना पाठवावे. मार्चमध्ये त्याचा मसुदा 'तयार आहे' असे आम्हांला सांगितले होते.

३. नाव लावण्याच्या आमच्या प्रलंबित सहा अर्जांची सुनावणी एकाच दिवशी घ्यावी.

४. पती-पत्नीत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला २०० रुपये मुद्रांक शुल्क आहे, ती सवलत आम्हांला नाही. विषय आपल्या कक्षेबाहेरचा आहे, म्हणून शासनाकडे शिफारस करावी.

या वेळी तोंडी उत्तर नको. पंधरा दिवसांत जावक क्रमांकासह लेखी उत्तर मिळाले नाही, तर आम्ही पाचही अर्जांच्या पोचपावत्या घेऊन विभागीय सहनिबंधकांकडे जाऊ.

आपले,
खाली सह्या करणारे संयुक्त सदनिकाधारक

सोबत : खरेदीखत, इंडेक्स टू, बँकेचे खातेउतारे, मागील अर्जांच्या पोचपावत्या