३२,००० फुटांची बातमी आणि छत्रीचे क्षेत्रफळ

ऑक्टोबर २०२५ मध्ये डीआरडीओच्या स्वदेशी लढाऊ पॅराशूटसह ३२,००० फुटांवरून उडी घेण्यात आली. मथळे उंचीवरच थांबले. आग्र्याची एडीआरडीई आणि बंगळूरूची डेबेल या प्रयोगशाळांनी घडवलेल्या या प्रणालीचे खरे मोल मात्र उतरण्याच्या कमी वेगात आणि दिशानियंत्रणात आहे.

आधुनिक छत्री म्हणजे हवेने फुगलेला कापडी पंखच. १०० किलोंचा भार २० चौरस मीटरऐवजी १० चौरस मीटरच्या पंखाला टांगला, की वेग सुमारे १.४ पट होतो; जमिनीशी गाठ पडते ती दुप्पट गतिज ऊर्जेनिशी. शिवाय लहान पंखाच्या दोऱ्याही आखूड. नियंत्रणदोरी जरा जास्त ओढली गेली, तर वळणाचा पाहता पाहता सूर होतो. क्रीडाक्षेत्रात अशा छोट्या, वेगवान छत्र्यांना मोठी प्रतिष्ठा आहे (हौसेला मोल नसते म्हणतात, येथे ते असते). तेथील अनेक जीवघेणे अपघात पूर्ण उघडलेल्या, निर्दोष छत्रीखालीच घडतात.

शस्त्रसामग्रीसह अंधारात अनोळखी भूमीवर उतरणाऱ्या सैनिकासाठी मोठा, संथ पंख निवडणे हे तांत्रिक मागासलेपण नव्हे. पुढील चाचणीच्या वृत्तात उंचीशेजारी दर चौरस मीटरवरील भाराचा आकडाही छापला जावा.