चाळणी आणि निदान

गर्भवतीच्या रक्तात गर्भाची जनुकद्रव्ये आढळतात, हे १९९७ साली डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यावर आधारलेली चाचणी २०११ साली बाजारात आली आणि पोटात सुई घालून गर्भजल काढण्याचे प्रमाण अनेक देशांत झपाट्याने घसरले. यात नवल नाही. सुईमुळे, अल्प का होईना, गर्भपाताचा धोका संभवतो. नेदरलँड्सने तर २०१७ पासून ही रक्तचाचणी सर्व गर्भवतींना खुली केली आणि २०२३ पासून ती विनामूल्य केली.

परंतु ही चाळणी आहे, निदान नव्हे. समजा, एक लाख तरुण गर्भवतींपैकी शंभरजणींच्या गर्भात डाऊन सिंड्रोम आहे आणि निर्दोष गर्भांपैकी हजारांत एकाला चाचणी चुकून सदोष ठरवते. तर सुमारे शंभर इशारे खरे निघतील आणि जवळजवळ तितकेच खोटे! म्हणजे ‘नव्व्याण्णव टक्के अचूक’ म्हणविणाऱ्या अहवालाचा भरवसा अशा मातेपुरता नाणेफेकीइतकाच. खऱ्याखोट्याचा निवाडा अखेर सुईच करते. केवळ रक्ताच्या अहवालावर गर्भपाताचा निर्णय घेणे धोक्याचे आहे.

गर्भजलचाचणीचा लिंगनिवडीसाठी झालेला गैरवापर महाराष्ट्राने पाहिला आहे. १९८८ चा कायदा त्यातूनच आला. नव्या चाचणीतही लिंग कळतेच, तेही सुईवाचून. शिवाय आपल्याकडे तिचा खर्च बहुधा कुटुंबालाच सोसावा लागतो. तेव्हा सुई टळते ती प्रामुख्याने ज्यांना हा खर्च परवडतो त्यांचीच.